ओहोटीपुरती बंदी

तुतिकोरीन, १ सप्टेंबर २०२५

भावे,

आणि वर मलाच सांगतेस, "दादा, नियम सगळ्यांना सारखा." सारखा कुठाय? लहानपणी चिंबोरीची नांगी कायम तुला आणि मला नुसते पाय, तेव्हा कुठं गेला होता तुझा नियम? पण ते जाऊ दे. ते भांडण जुनं आहे, पुरवून पुरवून करू. आजचं वेगळं.

तू मला बंदी घातलीस. सख्ख्या भावाला. तीस दिवस बंदरगावात पाय ठेवायचा नाही. फोन लावला तर नंबर ब्लॉक. व्हॉट्सअॅप ब्लॉक. आईच्या फोनवर लावला तर आई म्हणते, "भावी तुज्यावर रागावली हाय, काय केलंस रं?" आता आईला काय सांगू? की मोबाईलमध्ये बंदरगाव म्हणून एक गेम आहे, त्यात तुझा मुलगा होडी चालवून मासे विकतो आणि तुझी मुलगी तिथं बिनपगारी राखणदार आहे? कोण भांडलं, कोण शिवी दिली हे बघत बसते आणि लोकांना हाकलते? म्हणून हे पत्र. कागद ब्लॉक करता येत नाही. पोस्टमनला ब्लॉक करून दाखव.

झालं काय ते मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण तू रिपोर्टमध्ये "खेळाडूने अकरा मिनिटे अपशब्द वापरले" एवढंच लिहिलंस. अकरा मिनिटं का लागली ते लिहिलं नाहीस. मी होडी जेट्टीला लावली. पापलेट लिलावाला न्यायचं होतं, चार मिनिटं उरलेली. आणि पुढं हा टेम्पो. रस्त्याच्या मधोमध. पुढं जाईना, मागं येईना. हॉर्न दिला तर त्यानं इंडिकेटर लावला. डावा. मग उजवा. मग वायपर. माईक बंद. मी ओळखलं, कुणीतरी बारकं पोरगं आईचा फोन घेऊन बसलंय. आधी प्रेमानंच बोललो, "बाळा, दूध पी आणि झोप जा." मग म्हटलं, "नववी तरी पास आहेस का रे?" हे मी म्हटलं. मी! नववीला दोनदा बसून दोनदा उठलेला माणूस. ऐकणारे चौतीस जण, त्यातल्या निम्म्यांना हे माहीत. ते हसायला लागले आणि माझा तोल गेला. पुढचं तू ऐकलंसच. माझ्या शिव्या संपल्या तेव्हा मी ठेकेदाराच्या वापरल्या.

पण तीस दिवस, भावे? माझ्या खोलीत सहा जण. तीन ओडिशाचे, दोन बिहारचे आणि एक इथलाच, तो कुणाशीच बोलत नाही. दिवसभर जहाजावर चढून कंटेनर सळ्यांनी आवळून बांधायचे आणि संध्याकाळी सात ते नऊ बंदरगाव. माझं मराठी तेवढे दोन तास. ते तू बंद केलंस. परवा एका कंटेनरवर न्हावा शेवाचा शिक्का दिसला, त्याच्याशीच बोलत उभा राहिलो. सुपरवायझरनं विचारलं, काय झालं? म्हटलं, गाववाला भेटला.

बंदी उठव. नाहीतर मला पण तोंड आहे. तुझं वय सतरा. राखणदार व्हायला अठरा पूर्ण पाहिजेत असं बंदरगावच्या नियमात पहिल्याच पानावर आहे. मी शिकलेलो नाही, पण अठरापर्यंत मोजता येतं.

आईच्या खात्यावर सहा हजार टाकलेत. तुला शून्य.

प्रीतम


करावे, ७ सप्टेंबर

दादा,

पोस्टमनने पत्र बाबांच्या हातात दिलं. बाबा म्हणाले, "प्रीतमचा कागूद? जेलात हाय का?" मी म्हटलं, हो, तीस दिवस.

फोनवर मी बोलणार नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी हां हां करते. पत्रात तुला मला मधे तोडता येत नाही, त्यामुळे मला हे आवडलंय. आणि तसाही बंदरगावचा नियमच आहे, बंदीविरुद्ध काही म्हणायचं असेल तर हाताने लिहून पोस्टाने पाठवायचं. हा वैजयंती मॅडमचा नियम. मॅडम म्हणजे आम्हा राखणदारांच्या मुख्य. खांदेश्वरला राहतात, पोस्टातून रिटायर झाल्यात. गेम त्यांच्या भाच्याने बनवला, पण त्यातली माणसं त्या सांभाळतात. त्या म्हणतात, हाताने लिहिताना राग तिसऱ्या ओळीपर्यंत टिकतो, पुढे हात दुखतो. तुझा हात चार पानं दुखला नाही हे मी त्यांना सांगणार नाही.

मी तिथे लोकांना हाकलते असं तुला वाटतं. काल काय केलं ते सांगते. अकरा वर्षांची एक मुलगी भेटेल त्याला शाळेचं नाव आणि बिल्डिंगचा पत्ता सांगत सुटली होती. तिला बाजूला घेतलं. न ओरडता, न घाबरवता तिला ते थांबवायला लावलं, मग तिच्या आईशी बोलले. चाळीस मिनिटं गेली. त्यानंतर दोघं एका होडीवरून भांडत होते, एकमेकांचे मुडदे पाडायला निघालेले. चौकशी केली तर सख्खे भाऊ, एकाच पलंगावर बसून खेळत होते. ह्याचा पगार नाही. उलट नियम नऊ असा आहे की राखणदाराने खेळाडूकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. आणि आम्हाला घेताना वय बघतात, पण त्याहून जास्त समज बघतात. लेखी परीक्षा असते. त्यात चाळिशीचे दोन काका नापास झालेत.

दादा, घरात माझं कोण ऐकतं, तूच सांग. बाबा नाही, आई नाही, तू तर नाहीच. तिथे ऐकतात. मला ते काम सोडायचं नाहीये.

आणि बंदीचं एवढं काय? चौदा वर्षांचा असताना तू बाबांच्या होडीत शिवी दिलीस, तेव्हा बाबांनी तुला खाडीतल्या चिखलावर उतरवून ठेवलं होतं, भरती येईपर्यंत. तेव्हा कुणाकडे अपील केलं होतंस? आपल्या होडीचा नियम तोच आहे, शिवी दिली की खाली उतर. मी नवीन काही केलेलं नाही.

माझ्या वयाच्या भानगडीत मात्र पडू नकोस. खरंच पडू नकोस. कारण विचारू नकोस.

भाविका


तुतिकोरीन, १३ सप्टेंबर

भावे,

"कारण विचारू नकोस" म्हणजे कारण आहे. मी ढ आहे, पण एवढा नाही. मॅडमना तू खोटं वय सांगितलंस. झालं, पकडली.

आणि तो चिखल उकरायची काय गरज होती? तू तेव्हा सात वर्षांची, तुला कुणीतरी गोष्ट सांगितली आणि तू हसलीस. मी तिथं पाच तास होतो. मांडीपर्यंत रुतलेला. आजूबाजूला निवट्या, त्या चिखलातल्या मासोळ्या, उड्या मारत होत्या आणि प्रत्येक उडीला थांबून माझ्याकडं बघत होत्या, हा कोण नवीन आलाय म्हणून. बाबा वल्हं मारत तिवरांमागं गेले ते दिसेनासे झाले. एकदा पण मागं वळून बघितलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या घरात राहायचं नाही. न्हावा शेवाला तीन ठेकेदार बदलले, चौथ्यानं एवढ्या लांब आणून टाकलं. आयुष्यात ठरवून तडीस नेलेली माझी ही एकच गोष्ट.

तर आज मी दोन पाकिटं घेतली. एक हे. दुसरं तुझ्या वैजयंती मॅडमना. पत्ता बंदरगावच्या पहिल्या पानावर होताच. त्यात लिहिलंय, तुमची राखणदार भाविका हिला अजून अठरा पूर्ण नाहीत, तिनं तुम्हाला फसवलं, आणि हे सांगणारा मी तिचा सख्खा भाऊ, वय चोवीस, समज भरपूर.

पाकीट अजून खिशात आहे. टाकू का नको, विचार करतोय. तू लहान आहेस, मी मोठा आहे, मोठ्यानं जरा दमानं घ्यावं, असंही एकदा वाटलं.

ता. क. टाकलं. पेटी समोरच होती. म्हणून तुझं पाकीट पुन्हा उघडून हे लिहिलं.

आईला पगारानंतर टाकतो. तुला शून्य, आणि या वेळचं शून्य विचार करून दिलंय.

प्रीतम


खांदेश्वर, १९ सप्टेंबर

श्री. प्रीतम यांस,

स. न. आपले पत्र मिळाले. पत्ता सुवाच्य, पिनकोड अचूक, तिकिटे मात्र पाच रुपयांची जास्त लावलेली. पस्तीस वर्षे काउंटरला काढल्यामुळे मी मजकुराआधी पाकीट वाचते. पाकिटावरून माणूस बरा वाटला. नंतर मजकूर वाचला.

भाविकाने वय लपवलेले नाही. गेल्या वर्षी अर्ज करतानाच तिने सोळा लिहिले होते. आमची अट अठराची आहे, पण तिच्याखाली आणखी एक ओळ आहे: वय सोळा ते अठरा असल्यास घरातील सज्ञान व्यक्तीने पालक म्हणून लेखी जबाबदारी घ्यावी. तशी ती एका व्यक्तीने घेतलेली आहे. कागदाची झेरॉक्स सोबत जोडते. सही आपली आहे.

कलम चार मी लाल शाईने अधोरेखित केले आहे, कारण सही करताना आपण ते वाचले नसावे. "मी स्वतः बंदरगावात सभ्यपणे वागेन. माझ्यावर कायमची बंदी आल्यास ही संमती रद्द समजावी." अकरा मिनिटांच्या शिवीगाळीला आमच्याकडे शक्यतो कायमचीच बंदी असते. भाविकाने तिच्या अधिकारात तीस दिवसांची घातली आणि लगेच मला कळवले, "खेळाडू माझा भाऊ आणि माझा पालक आहे, माझा निर्णय तपासा." मी तो तपासला आणि राहू दिला. ज्याला शिव्या बसल्या त्याची काही तक्रार नव्हती.

आता आपणच तिच्या नेमणुकीविरुद्ध लेखी तक्रार केल्यामुळे मला फाईल उघडावी लागली. फाईल उघडली की कलम चारही उघडते. त्यामुळे भाविकाला तूर्त कामावरून बाजूला ठेवले आहे. ती राहील की जाईल हे तिचा पालक जबाबदारी घेण्याजोगा आहे की नाही यावर ठरेल. सोबतची प्रश्नपत्रिका सोडवून पाठवावी. राखणदार घेताना आम्ही हीच देतो. पन्नासपैकी पस्तीसला उत्तीर्ण. भाविकाला सत्तेचाळीस होते.

जाता जाता: तो टेम्पो माझा. नवीनच घेतला आहे, मागे घेता येत नाही. माझे वय बासष्ट. नववी पास आहे. दूध मला बाधते.

वैजयंती


तुतिकोरीन, २५ सप्टेंबर

भावी,

झेरॉक्स बघितली. सही माझीच. इतकी माझी की तिच्यावर तुपाचा डाग पण आहे, तो झेरॉक्समध्ये काळा आलाय.

आठवलं मला. गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला सुट्टीवर आलो होतो. मी नारळीभात हाणत होतो आणि तू कागद पुढं केलास. "दादा, इथं सही कर." मी विचारलं, कसली? तू म्हणालीस, "जबाबदारीची." मला वाटलं कॉलेजची पिकनिक. बोट चाटलं आणि सही केली. वर म्हणालो पण, "जा, मजा कर."

म्हणजे गेलं वर्षभर मी पालक आहे आणि मलाच पत्ता नाही. भावी, मी! शाळेत सर म्हणायचे, उद्या पालकांना घेऊन ये. बाबांना सांगायची छाती नव्हती, म्हणून मी वर्गातल्या हितेशच्या काकांना वडापाव चारून बाबा म्हणून उभं करायचो. सहावीपासून नववीपर्यंत, दोन्ही नवव्या धरून. काका इतके कळवळून माफी मागायचे की एकदा मोठे सर म्हणाले, वडील एवढे सज्जन आणि मुलगा असा कसा? आता पालक मीच. आणि माझ्या जागी उभं करायला इथं कुणाचा काका पण नाही.

तू सरळ सांगायचं होतंस. "दादा, पत्र टाकू नकोस, माझं काम जाईल," एवढंच. खरं सांगू का, तरी टाकलं असतं. पेटी समोर होती.

मी तुझ्या तीस दिवसांवर तणतणत होतो आणि तू मला कायमचं जाण्यापासून वाचवत होतीस. आणि मी काय केलं, तर तुझंच काम घालवलं. तेही पाच रुपयांची जास्त तिकिटं लावून.

पेपर समोर आहे. पाच प्रश्न. पस्तीस पाहिजेत. आजपर्यंत पस्तीस मला एकदाच पडलेत, चित्रकलेत, ते पण शेजारच्याची होडी बघून काढली म्हणून. काहीतरी लिही, भावी. शिव्या दे. मी बंदी घालणार नाही.

पैशांचं आज काही लिहीत नाही. तुला शून्य लिहायला हात उचलत नाही.

प्रीतम


करावे, ३० सप्टेंबर

दादा,

शिव्या द्यायच्या होत्या. आपल्या होडीचा नियम आड आला.

मी तुला का नाही सांगितलं? तुला कळलं असतं की तू पालक आहेस, तर तू चार जणांना सांगितलं असतंस, ते बाबांच्या कानावर गेलं असतं आणि बाबांनी माझा फोन खाडीत टाकला असता. म्हणून मी कागद मुद्दाम भाताच्या वेळी पुढे केला. तुझे हात आणि डोकं दोन्ही गुंतलेलं असतं तेव्हा. ती माझी लबाडी. माझे तीन मार्क गेले ते बरोबरच गेले म्हणायचे.

तुझी बंदी २७ तारखेला संपली. तू आला नाहीस. मी जेट्टीवर असते, पण आता राखणदार नाही, नुसती उभी असते. ती अकरा वर्षांची मुलगी येऊन विचारते, "ताई, आता मी तक्रार कुणाकडे करू?" मी सांगते, दुसऱ्या ताईकडे कर. ती म्हणते, दुसरी ताई लगेच बटण दाबते, ऐकून नाही घेत. मग मी फोन ठेवून देते.

आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं ओरडेल. ती हसली. म्हणाली, "ह्या घरात उतरवायची रीतच हाय." मग तुझ्या चिखलाची गोष्ट तिने सांगितली ती मला माहीत होती त्याहून वेगळी आहे. तिच्याच शब्दांत लिहिते. "बाबा गेलेले कुठं? तिवराच्या मागं होडी लावून बसलेले. पाच तास. बिडी पन नाय पेटवली, पोराला वास येल, कळंल बाप हितंच हाय म्हनून. पानी त्याच्या गुडघ्यावर आला तवा गेले न्यायला."

मी बाबांना विचारलं, खरं का? बाबा म्हणाले, "क्याला जुना उकरतंस," आणि जाळं खांद्यावर टाकून निघून गेले.

पेपर नीट लिही. बाजूला कुणाची होडी नाहीये बघून काढायला.

भाविका


तुतिकोरीन, ५ ऑक्टोबर

वैजयंती मॅडमना प्रीतमचा नमस्कार.

पेपर सोडवायच्या आधी माफी मागतो. माफीला मार्क नसतील तर नसू देत. तुम्हाला दूध पिऊन झोपायला सांगितलं, ते आणि त्याच्या पुढचं सगळं मागं घेतो. तुम्हाला टेम्पो मागं घेता येत नाही आणि मला तोंड. टेम्पोचं मी शिकवीन.

प्रश्न १. एक वाहन तुमचा रस्ता अडवून उभे आहे. तुम्ही काय कराल?
उत्तर: या प्रश्नाचं प्रात्यक्षिक झालेलं आहे, त्यात मी नापास. लेखी उत्तर असं की जवळ जाऊन विचारीन, "काही अडलंय का?" एवढंच विचारायचं होतं. मी अकरा मिनिटं बोललो आणि तेच राहिलं.

प्रश्न २. समोरच्या खेळाडूचे वय कसे ओळखाल?
उत्तर: ओळखता येत नाही. मी बासष्टला बारा समजलो. बहिणीला बारकी समजलो आणि स्वतःला मोठा. आमचा मुकादम पन्नाशीचा आहे, तो रोज दुसऱ्याच्या डब्यातला मासा खातो आणि मांजरावर ढकलतो. जहाजावर मांजर नाही. म्हणून वय विचारून घ्यावं आणि कागद बघावा, पण समज कागदावर दिसत नाही, ती थोडे दिवस सोबत राहून बघावी लागते.

प्रश्न ३. दोन खेळाडूंच्या भांडणात एक तुमचा मित्र आहे. काय कराल?
उत्तर: दुसऱ्याचं आधी ऐकीन. मित्राचं मला पाठ असतं.

प्रश्न ४. बंदीचे बटण दाबण्यापूर्वी किती वेळ थांबाल?
उत्तर: खरं लिहितो. मी आजपर्यंत कशालाच थांबलेलो नाही. तीन ठेकेदार सोडले, तिन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीआधी, पोटात काही नसताना. तुमचं तक्रारीचं पाकीट टाकलं कारण पेटी समोर होती. पेटी शंभर पावलांवर असती तर बहीण आज कामावर असती. म्हणून उत्तर: जेवून, शंभर पावलं चालून, मग.

प्रश्न ५. तुमच्याच घरच्या माणसाने नियम मोडला तर?
उत्तर: हे मोठं आहे. आमच्या बाबांच्या होडीत शिवी द्यायची नाही असा नियम. मी चौदाव्या वर्षी दिली. बाबांनी मला ओहोटीच्या चिखलावर उतरवलं आणि तिवरांमागं निघून गेले. दहा वर्षं मी हेच धरून बसलो की बाप सोडून गेला. परवा बहिणीच्या पत्रातून कळलं, ते गेलेच नव्हते. भरती येईपर्यंत तिवरांमागं होडीत बसून होते, बिडी न पेटवता.
तर घरच्या माणसानं नियम मोडला तर त्याला खाली उतरवावं. आणि आपण तिवरांमागं थांबावं.
मॅडम, हे उत्तर माझं नाही. बाबांचं आहे, आणि माझ्या बहिणीनं ते माझ्या आधी सोडवलंय. तिनं मला उतरवलं आणि तुम्हाला सांगितलं की हा माझा भाऊ आहे, तपासा. याचे मार्क तिला द्या. मला पस्तीस पडले नाहीत तरी तिला ठेवा. पालक नापास झाला म्हणून मुलाला घरी बसवायची पद्धत आमच्या शाळेत पण नव्हती, आणि आमची शाळा काही फार चांगली नव्हती.

आपला,
प्रीतम
(तिकिटं या वेळी वजन करून लावलीत.)


करावे, ११ ऑक्टोबर

दादा,

छत्तीस!

पहिल्या प्रश्नाला शून्य. मॅडम म्हणाल्या, प्रात्यक्षिकाचे मार्क धरले. बाकीच्यांत नऊ, आठ, नऊ आणि शेवटच्याला दहा. मला त्या प्रश्नाला सात होते. मी म्हटलं, मॅडम, हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, "तू काय करशील ते लिहिलं होतंस. त्याला काय झालं ते त्याने लिहिलंय."

मी कालपासून परत कामावर. ती मुलगी पहिल्या पाच मिनिटांत सात तक्रारी घेऊन आली, त्यातल्या चार स्वतःविरुद्धच.

जानेवारीत मला अठरा पूर्ण होतात. तोपर्यंत पालक तूच. महिन्याच्या पहिल्या रविवारी जेट्टीवर पालकांची सभा असते. स्वतः ये. हितेशच्या काकांना पाठवू नकोस.

तुझा नंबर सगळीकडे ब्लॉकमधून काढलाय. तरी भाऊबीजेआधी एक पत्र टाक. सवय झालीय.

तुझा पेपर मी आईला वाचून दाखवला. बाबा जाळं विणत बसले होते, मान वर केली नाही. पण तीन घरं चुकीची विणली आणि उसवत बसले.

भाविका


तुतिकोरीन, १६ ऑक्टोबर

भावी,

छत्तीस म्हणजे एक मार्क जास्तच झाला. तो पुढच्या वेळेसाठी ठेवून घ्यायला सांग मॅडमना, लागेल.

काल संध्याकाळी सातला बंदरगावात पाऊल ठेवलं. सगळ्यात आधी होडी शोधली. पंधरा दिवस होडी जागची हलली नाही की बंदरगावात ती लिलावात काढतात, हा नियम आहे, आणि आता मी नियम वाचतो. मी दीड महिना गायब. म्हटलं, गेली. तर होडी जेट्टीला, जशीच्या तशी. डिझेल भरलेलं. नोंद उघडून बघितली. कुणीतरी रोज सकाळी तिला थोडं पुढं नेऊन परत जागेवर आणून लावलंय. २९ ऑगस्टपासून रोज. माझं ते तक्रारीचं पत्र पोचलं त्या दिवशी पण. तुला कामावरून काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पण. नाव वाचलं. मी काही बोलत नाही. तू पण बोलू नकोस. बाबांनी कुठं बिडी पेटवली होती?

मॅडमना टेम्पो मागं घ्यायला शिकवला. पहिल्यांदा त्यांनी वायपर लावला. दुसऱ्यांदा पुढं गेल्या. तिसऱ्यांदा खरंच मागं आल्या आणि सरळ माझ्या पापलेटावर. ऐकायला पन्नासेक जण जमलेले, सगळे श्वास धरून, आता हा काय बोलतोय. मी म्हटलं, "मॅडम, काही अडलंय का?" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बहुतेक ती तुझी अकरा वर्षांची.

बाबांना फोन लावला होता. मी विचारलं, "बिडी कमी केली का?" ते म्हणाले, "क्याला?" मागं तिवरांतनं येतो तसा वारा येत होता, म्हणजे होडीतच असणार. बराच वेळ झाला तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मी पण नाही ठेवला.

रविवारच्या सभेला येतो. मुकादमाकडं सुट्टी मागितली. त्यानं विचारलं, कशाला? म्हटलं, पालकसभा आहे. तो म्हणाला, तुझं लग्न कधी झालं?

आता पैशांचं. नियम नऊ मला पाठ आहे, राखणदारानं खेळाडूकडून एक रुपया घ्यायचा नाही. म्हणून हे खेळाडूकडून नाहीत. पालकाकडून पण नाहीत, कारण पालकांबद्दल तिथं काय लिहिलंय ते अजून पुरतं वाचलेलं नाही, आणि न वाचता आता मी काही करत नाही. हे भावाकडून, भाऊबीजेचे. ताटात ठेवून घे आणि माझ्या नावानं फोनला ओवाळ.

आईला सहा हजार टाकलेत. तुला नेहमीसारखी शून्यंच, दोन. फक्त या वेळी त्यांच्या आधी पंधरा लिहिलेत: १५०० रुपये.